हत्तीची पिशवी, धाकटीची सोंड

मी, या घरात आधी थोरली सून, मग थोरली वहिनी, मग आई आणि आता नुसतीच 'थोरली', हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून पाहावा. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. या घरात दडपण आणण्याचे काम आजवर मीच करत आले आहे. उजवे मनगट प्लास्टरमध्ये आहे, पण मृत्युपत्र मनगटाने होत नसते. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. "तुम्हा कोणाला फुटकी कवडी देणार नाही" असे मी रागाच्या भरात वेळोवेळी म्हटले असेल, ते मृत्युपत्र समजू नये.

हात चालत नाही म्हणून लिहिण्याचे काम माझी धाकटी जाऊ करत आहे. तिला घरात सगळे धाकटी म्हणतात, केस पांढरे झाले तरी. तिचे अक्षर मोत्यासारखे आहे आणि ते तिला फार पूर्वीपासून माहीत आहे. अट एवढीच की मी बोलेन तसे उतरवायचे. तिला काही म्हणायचे असल्यास कंसात म्हणावे आणि कंस लगेच बंद करावा.

(लिहितेय. पण मला साक्षीदार म्हणून का घेत नाही, ते ताईंनी आधी सांगावं. समोरच्या मुख्याध्यापिकाबाई चालतात, हत्ती दुरुस्त करायला येणारा माणूस चालतो, आणि ताईंच्या बरोबरीने या घरात जन्म काढलेली मी चालत नाही?)

नाही चालत. कंस बंद कर.

या कागदाकडे सगळे कशासाठी डोळे लावून बसले आहेत ते मला ठाऊक आहे. घर माझ्या नावावर आहे. पुढच्या खोल्यांत मी, मुलगा आणि सून राहतो. मागच्या खोलीत धाकटी राहते. तिचे यजमान गेले, मूलबाळ नाही, आणि तिच्या नावावर या घरातली एक वीटही नाही. मध्यंतरी एक माणूस टेप घेऊन आला आणि सगळे घर मोजून गेला. तो गेल्यावर चिरंजीव मला म्हणाले, "आई, तुझ्यामागे घर विकायची वेळ आलीच, तर काकूची कुठेतरी चांगली सोय करू. बाग वगैरे असलेल्या ठिकाणी." मुलगा मनाने वाईट नाही, पण 'सोय' हा शब्द मी ओळखून आहे. फुटक्या बादलीची सोय माळ्यावर करतात. धाकटीने हे दाराआडून ऐकले, आणि तेव्हापासून ती आपल्या कपाटातल्या वस्तू थोड्या थोड्या बांधून ठेवत आहे. मला ते कळलेले नाही असे तिला वाटते.

तर घराचे कलम मी सर्वांत शेवटी ठेवले आहे. तोवर कोणी मध्ये विचारू नये. लिहिणारीने तर मुळीच नाही.

(मी काही विचारलंय का?)

कलम पहिले. हत्तीबाबत.

माझे यजमान आणि धाकटे दीर यांनी मिळून एक व्हॅक्यूम क्लीनर घेतला, तेव्हा आमच्या गल्लीत ते यंत्र कोणाकडे नव्हते. करडा रंग, मोठे पोट, खाली चाके आणि पुढे लांब नळी. खोके उघडताच चिरंजीव, जे तेव्हा गुडघ्याएवढे होते, "हत्ती!" म्हणून किंचाळले आणि पलंगाखाली जाऊन बसले. त्या दिवसापासून ते यंत्र हत्ती आणि नळी ही सोंड. शेजारीपाजारीही "तुमचा हत्ती आज रिकामा आहे का?" असे विचारत येत.

पुढे दोघा भावांचे बिनसले. कारण सांगायलाही लाज वाटते: पंखा जोरात ठेवायचा की हळू. शब्दाने शब्द वाढला, चुली वेगळ्या झाल्या, भांडी वाटली, खुर्च्या वाटल्या. हत्ती काही वाटता येईना. तेव्हा त्या दोन शहाण्यांनी असे ठरवले की हत्तीचे धड थोरल्याकडे राहील आणि सोंड धाकट्याकडे. आपण दुसऱ्याची चांगली जिरवली असे दोघांनाही वाटले. हत्ती गेला आणि शेपूट राहिले असे लोक म्हणतात. आमच्याकडे हत्ती राहिला आणि सोंड मागच्या खोलीत गेली.

आता सोंडेवाचून हत्ती म्हणजे बसायचे स्टूल. म्हणून केर साठला की मी हत्ती ओढत मागच्या खोलीत जात असे, नाहीतर धाकटी गळ्यात सोंड घालून पुढे येत असे. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आम्हाला मात्र बोलावे लागे, कारण धूळ कोणाच्या भांडणासाठी थांबत नाही. त्या दोघांचा अबोला शेवटपर्यंत टिकला. आमचा एक आठवडाही टिकला नाही, आणि आम्ही काही कमी प्रयत्न केले नाहीत.

हत्ती मी धाकटीला देत आहे. सोंड तिच्याकडे आहेच. निदान एका वस्तूची वाटणी माझ्या हातून मोडली, याचे मला समाधान आहे.

(चाकांना तेल मीच घालते, जाळी मीच धुते. मोठं दान केल्यासारखं सांगतायत.)

कलम दुसरे. पिशव्यांबाबत. हे कलम लांब होईल. पाणी प्यायचे असल्यास लिहिणारीने आत्ताच पिऊन घ्यावे.

हत्तीच्या पोटात कागदाची एक पिशवी असते. सगळी धूळ तिच्यात जाते. भरली की फेकायची आणि नवी घालायची. हत्ती घेतल्यावर थोड्याच वर्षांत त्या पिशव्या बाजारात येईनाशा झाल्या. मी दुकानात गेले. दुकानदार काउंटरवर कोपरे टेकून म्हणाला, "बाई, या मशीनच्या पिशव्या आता निघत नाहीत. तुम्ही नवीन मशीनच घ्या ना." मी म्हटले, "तुमच्या बुटाची नाडी तुटली तर तुम्ही नवीन पाय घेता का?" तो हसला नाही. त्या दुकानदाराला, किंवा आता गादीवर त्याचा मुलगा असेल तर त्याला, मी माझ्या हातची एक कापडी पिशवी ठेवत आहे. ती काउंटरवर लोकांना दिसेल अशी टांगावी.

पण दुकानातून परतले तेव्हा घरात 'पिशवी' हा शब्दच कोणी उच्चारत नव्हते.

(ताई, हे राहू द्या.)

लिही. धाकटीचे ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. तिची पिशवी काढली होती. कोणती, ते बायकांना सांगावे लागत नाही आणि पुरुषांनी विचारू नये. लग्नाला फार वर्षे झाली नव्हती, पाळणा हललेला नव्हता, आणि आता हलणारही नव्हता. तिला वाईट वाटेल म्हणून सगळ्यांनी तो शब्दच टाकून दिला. माझे यजमान भाजी आणायला निघाले की दारात उभे राहून विचारत, "ते... ते हे कुठंय? ज्यातून आणतात ते?" दीर तर बाजारातून बटाटे शर्टाच्या ओच्यात घेऊन आले, पण शब्द म्हणून तोंडातून काढला नाही. सगळे कुजबुजत चालत होते आणि धाकटी भिंतीकडे तोंड करून पडून होती. मला ते बघवेना.

मी हत्ती ओढत मागच्या खोलीत नेला, तिच्या पलंगाशी उभा केला आणि म्हटले, "ऊठ. याचीपण पिशवी गेली."

ती वळली. दीर दारात उभे होते, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटले, "याची नवी शिवता येते. तुझी येत नाही, त्याला माझा इलाज नाही. ऊठ, दोरा ओवून दे."

आणि ती हसायला लागली. "टाके दुखतात हो ताई, नका हसवू," म्हणत पोट धरून हसली आणि मग तशीच रडली, आणि मीही रडले. दिरांना काय करावे ते सुचेना, म्हणून ते चहा टाकायला गेले. साखर घालायला विसरले.

(चहा चांगला झाला होता.)

अगोड होता. असो.

पहिली पिशवी अशी झाली. भरलेली शेवटची कागदी पिशवी बाहेर नेऊन झटकली, डिंकाचे जोड किटलीच्या वाफेने सोडवले, कागद इस्त्री करून सपाट केला आणि त्यावरून खडूने कापडावर रेघ मारली. धाकटी उठून बसली होती. मी कात्री तिच्या हातात दिली. तिने बरोबर रेघेवर कापले. अगदी केसभरही इकडे तिकडे नाही. मी म्हटले, "अगं, माया कुठे सोडलीस?"

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते. शिलाईच्या बाहेर जे जास्तीचे कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. ती ठेवली नाही तर शिवण उसवते, आणि पुढे कपडा सैल करायची वेळ आली तर करता येत नाही. हे धाकटीला माझ्याइतकेच माहीत होते.

ती म्हणाली, "आता कोणासाठी सोडायची?"

मी म्हटले, "हत्तीसाठी." ते काही खरे उत्तर नव्हते, पण वेळ निभावली. ती पिशवी तशीच शिवली. महिन्याभराचा केर ओढून होतो न होतो तोच फाटकन उसवली आणि सगळी धूळ आम्हा दोघींच्या डोक्यावर बसली. दुसऱ्या पिशवीला तिने न सांगता बोटभर माया सोडली.

पिशवी नीट जमायला मात्र बराच काळ गेला. मलमल लावली तर हत्ती पुढून धूळ ओढी आणि मागून खोलीभर उडवी. जाडजूड कापड लावले तर त्याचा जीव घुसमटे आणि पोट तापून जळका वास येई. वारा जावा आणि धूळ राहावी अशी वीण लागते. शेवटी बाहेरून माझी जुनी चादर, धुऊन धुऊन मऊ झालेली, आणि आतून फलालीन असे जमले. फलालीन धाकट्या दिरांच्या थंडीतल्या पायजम्याचे. तो त्यांना नको होता.

(हवा होता. आठवडाभर शोधत होते. 'वहिनींनी कुठे ठेवलाय' म्हणून मला विचारत होते, आणि मला माहीत असून सांगता येत नव्हतं.)

आधी सुलट बाजूने शिवायचे, मग उलटवून पुन्हा शिवायचे, म्हणजे आत दोऱ्यांची टोके राहत नाहीत आणि धूळ झटकन सुटते. तोंडाला कागदी पिशवीवर पुठ्ठा असतो. आम्ही आइस्क्रीमच्या डब्याचे झाकण गोल कापून बसवले आणि कडेला सायकलच्या ट्यूबचे रबर. खालचे टोक उघडे ठेवायचे, दोन घड्या घालून त्यावर फाइलीची प्लास्टिकची पट्टी सरकवायची. पिशवी भरली की पट्टी काढा, झटका, धुवा, वाळवा, पुन्हा घाला. माझी सगळ्यांत जुनी पिशवी अजून हत्तीच्या पोटात आहे आणि ती या घरातल्या काही माणसांपेक्षा जास्त कामाची आहे.

दुरुस्तीवाल्याने हत्ती उघडला तेव्हा पिशवी बघून तो खाली बसला आणि "ही कुठे मिळते?" असे विचारू लागला. तेथून आमचा धंदा सुरू झाला. मी कापायची, धाकटी शिवायची. ज्याच्या त्याच्या यंत्राचे तोंड निराळे, म्हणून मागच्या खोलीच्या भिंतीवर खिळ्यांना मापाचे कागद लटकू लागले. कोणाच्या घरात काय धूळ आहे हे आम्हाला न विचारता कळत असे. कोणत्या प्रतिष्ठित घरातल्या पिशवीत जुगाराचे पत्ते सापडले, ते मी मृत्युपत्रातही लिहिणार नाही.

शिवून तयार असलेल्या पिशव्या नात्यात सगळ्यांना एकेक द्याव्यात. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी तिच्यात कांदे ठेवावेत.

कलम तिसरे. नणंदबाईंबाबत.

माझ्या नणंदबाई दुसऱ्या गावी असतात. एकदा फोनवर धाकटीने त्यांना सहज सांगितले, "ताईंची पिशवी पार फाटली होती. काल काढली." एवढे बोलून होते तोच फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदबाई, त्यांचे यजमान, दोन भाच्या आणि फळांची एक करंडी दारात. मी तेव्हा स्टुलावर उभी राहून सोंडेने जळमटे काढत होते. "वहिनी, खाली उतरा!" असा हंबरडा फोडून नणंदबाईंनी मला कमरेला धरून उतरवले आणि पलंगावर आडवी केली. एक भाची पाय चेपायला बसली, दुसरी संत्री सोलायला.

खरी गोष्ट सांगायला मी तोंड उघडले होते. पण तोंडात संत्र्याची फोड आली. मग म्हटले, इतक्या लांबून आलेत, त्यांचा हिरमोड कशाला? मी संध्याकाळपर्यंत आडवी राहिले आणि मधूनमधून कण्हले.

(आणि सगळ्यांचं जेवणखाण, चहापाणी एकटीने मी केलं. मी सांगायला गेले की ताई जोरात कण्हायच्या.)

नणंदबाईंना मी माझी जांभळी शाल देत आहे. त्यांना ती पहिल्यापासून आवडते. त्या दिवशी त्यांनी केलेली सेवा मी विसरलेले नाही. खरी गोष्ट त्यांना हे मृत्युपत्र वाचूनच कळेल. त्यांच्या तोंडाकडे बघायला मी नसेन याची मला हळहळ वाटते.

कलम चौथे. चिरंजीवांबाबत.

चिरंजीवांस माझी बँकेतली शिल्लक, तिच्यातला सूनबाईंचा वाटा वगळून. शिवाय प्लास्टिकची एक हिरवी पट्टी. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्यांच्या प्रमाणपत्रांच्या फाइलीची पट्टी सापडली नाही आणि साहेबांच्या दारात सगळी प्रमाणपत्रे वाऱ्यावर उडाली. ती पट्टी तेव्हा एका पिशवीच्या बुडाला होती. ती कोणी काढली याबद्दल घरात दोन मते आहेत. जमिनीवरचे कागद गोळा करायला साहेब स्वतः वाकले आणि तिथेच ओळख होऊन नोकरी लागली, हे चिरंजीव सांगत नाहीत. पट्टी कपाटाच्या वरच्या खणात आहे, ती आता परत घ्यावी. आणि लहानपणी पडशाने नाक गळत असताना कोणाच्या मांडीवर झोपायचात, ते आठवून बघावे. माझ्या नाही. मी कापत बसलेली असायची.

कलम पाचवे. सूनबाईंबाबत.

सूनबाई चांगली आहे. माझ्याशी भांडत नाही, हा तिच्यातला एकच दोष. तिने केर काढायला एक गोल यंत्र आणले आहे, ते आपले आपण घरभर फिरते. आम्ही त्याला कासव म्हणतो. ते दर दिवशी माझ्या कपाटाखाली जाऊन अडकते आणि केविलवाणे ओरडते. सूनबाई ऑफिसात असते, मग धाकटी जमिनीवर पालथी पडून त्याला काठीने बाहेर काढते. धाकटीला बाग असलेल्या ठिकाणी पाठवले तर कासवाला कोण काढणार, याचा सूनबाईने विचार करावा. तिला माझ्या बांगड्या, शिलकीतला अर्धा वाटा आणि माझी मोठी कात्री. कात्रीने कागद कापू नये. पुठ्ठा तर नाहीच नाही. कापल्यास मी जिथे असेन तिथून मला कळेल.

कलम सहावे. माझ्या मनगटाबाबत.

मी पडले नाही. पाडले गेले.

(ताई कपाटावरची धूळ काढायला स्टुलावर चढल्या. सोंडेचं टोक त्यांच्या हातात, मी खाली हत्तीपाशी. 'अजून सोड, अजून सोड,' म्हणाल्या. मला ऐकू आलं 'अजून ओढ'. मी ओढलं.)

तिच्या कानाचे मशीन बसवण्याचा खर्च माझ्या शिलकीतून व्हावा. हे दान नाही, बाकीच्यांच्या हाडांसाठी आहे.

कलम सातवे. ज्यांना काही मिळणार नाही त्यांच्याबाबत.

समोरच्या मुख्याध्यापिकाबाईंना माझी वेताची खुर्ची फार आवडते. आल्या की त्याच खुर्चीत बसतात आणि जाताना हात फिरवतात. ती त्यांना मिळणार नाही. दुरुस्तीवाल्याने हत्तीला इतकी वर्षे जिवंत ठेवले; त्यालाही काही मिळणार नाही. दोघांनी रागावू नये. हे मुद्दाम केलेले आहे आणि त्याचे कारण शेवटी येईल. खुर्ची मुख्याध्यापिकाबाईंना मी उद्या, जिवंतपणी, स्वतः नेऊन देईन. म्हणजे धाकटी नेऊन देईल. माझा हात प्लास्टरमध्ये आहे. दुरुस्तीवाल्यालाही उद्याच यजमानांचा कोट देईन; तो त्याला घट्ट झाला तर उसवून सैल करता येईल, माया आहे.

कलम आठवे. माझ्यामागे काय करावे.

रडणाऱ्यांनी पुढच्या खोलीत रडावे, मागच्या खोलीत काम चालू राहील. कोणाच्या पिशव्या शिवायच्या राहिल्या असतील तर आधी त्या द्याव्यात. माणसे येऊन गेली की घरात फार केर होतो. तेव्हा हत्ती काढावा आणि पलंगाखालूनसुद्धा फिरवावा. माझी स्तुती कोणी करू नये. करायचीच असल्यास त्या दुकानदाराच्या समोर करावी.

कलम नववे व शेवटचे. घराबाबत.

येथे धाकटीने पेन खाली ठेवावे आणि ते मुख्याध्यापिकाबाईंनी घ्यावे.

(का? इतकं सगळं लिहिलं, आता घराचं आलं तर माझ्या हातचं चालेना? साक्षीदार नको, लिहिणारी नको. माझ्यावर विश्वास नाही असं स्पष्ट म्हणा ना ताई. मी काय कमीजास्त लिहिणार होते? मला ठाऊक आहे काय आहे त्या कलमात. मी सामान बांधायलाही घेतलंय. ठेवते पेन.)

(येथून पुढचे अक्षर माझे: समोरच्या घरातील निवृत्त मुख्याध्यापिका. धाकट्या बाई खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या आहेत. थोरल्या बाई त्यांना ऐकू जावे म्हणून मोठ्याने सांगत आहेत.)

या घराच्या पुढच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची मी माझ्या मुलास व सुनेस देत आहे.

मागची खोली, तिचे वेगळे दार, तिच्यातील शिवणयंत्र आणि भिंतीवरचे सगळे मापाचे कागद मी माझ्या धाकट्या जावेस देत आहे. राहण्यापुरती नव्हे, तिच्या हयातीपुरती नव्हे, सोय म्हणून तर नव्हेच. मालकीची. तिने ती विकावी, भाड्याने द्यावी, कुलूप लावून दरवाजात बसून राहावे, तिची मर्जी. चिरंजीवांना सगळे घर विकायचे असल्यास आधी काकूची सही आणावी लागेल. ती हट्टी आहे. मीच तिला हट्टी केली आहे.

खोलीच्या भिंतीबाहेर न्हाणीघर आहे आणि त्यापुढे आम्ही पिशव्या झटकतो तो मोकळा तुकडा आहे, पार कुंपणापर्यंत. टेप घेऊन आलेल्या माणसाने तो पुढच्या घराच्या मापात धरला होता. तो मी तिथून काढून मागच्या खोलीला जोडत आहे. कागदोपत्री त्याला काय म्हणतात ते हा कागद तपासणाऱ्या वकिलीणबाई घालतील. आमच्या कामात त्याला माया म्हणतात. तिने एकदा मला विचारले होते, कोणासाठी सोडायची. तेव्हा मी हत्तीवर ढकलले. खरे उत्तर हे आहे. उशीर झाला, पण मला दुसऱ्या कोणाशी भांडून करमत नाही, आणि तिच्यावाचून मला या घरात एक दिवसही काढता आला नसता. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेले नाही, आताही म्हणत नाही, बाईंना सांगत आहे.

बांधलेले सामान तिने आजच्या आज सोडावे.

आता साक्षीदारांचे. वकिलीणबाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, ज्याला घरातला वाटा मिळायचा आहे, त्याने ते कलम आपल्या हाताने लिहू नये; हत्तीवरून कोणी कोर्टात जात नाही. दुसरी, मृत्युपत्राचा जो साक्षीदार होतो, त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून खुर्ची नाही आणि कोट नाही. धाकटी सकाळपासून साक्षीदार होण्यासाठी हटून बसली आहे. बाई, तिला आता विचारा, अजून व्हायचे आहे का.

(विचारले. त्यांनी खिडकीचा पडदा डोळ्यांना लावला आहे.)

तो पडदा कालच धुतलाय. कंस बंद करा, बाई.

वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले. कंसातला मजकूर खोडावा असे मुख्याध्यापिकाबाईंचे मत पडले. मी तो राहू देत आहे, कारण त्याच्याशिवाय हे मृत्युपत्र माझे वाटणार नाही.

ठिकाण: मागची खोली, शिवणयंत्राजवळ.
दिनांक: बाईंनी वरच्या कोपऱ्यात घातला आहे, सुवाच्य.

सही: थोरली (डाव्या हाताने, वेडीवाकडी आहे, खोटी नाही)

साक्षीदार पहिल्या: समोरच्या घरातील निवृत्त मुख्याध्यापिका. यांनी माझ्यासमक्ष सही केली. खुर्चीची वाट पाहत आहे.

साक्षीदार दुसरे: हत्ती दुरुस्त करणारा. माझ्यासमोर सही झाली. हत्तीचा पट्टा बदलायला झाला आहे, तो मी आजच बदलून जातो.

लिहिणारी: धाकटी. शेवटचे कलम सोडून सर्व अक्षर माझे. चहा अगोडच झाला होता. सामान सोडायला घेतले आहे.

मी साक्षीदार नाही.